हाताने शिवू या चांदण्यांचा झगा: वंडर वुमनवरून, सहा वर्षांच्या मुलीसाठी

कार्निव्हल जवळ आला किंवा शाळेत वेशभूषा स्पर्धेची सूचना लागली की बाजारात पातळ पॉलिस्टरचे तयार पोशाख टांगलेले दिसतात. गोव्याच्या दमट हवेत ते अंगाला चिकटतात, काखेत पुरळ उठतं आणि दुसऱ्या धुण्यात छाप निघून जाते. त्यापेक्षा साधा सुती फ्रॉक शिवा आणि त्यावर आवडत्या नायिकेची खूण चढवा. फ्रॉक आधी, सुपरहिरो नंतर, हा क्रम पाळला तर कपडा स्पर्धेपुरता न उरता फेस्ताला, चवथीला, वाढदिवसाला पुन्हा पुन्हा घातला जातो.

कोणताही सुपरहिरो लांबून ओळखू येतो तो तीन गोष्टींवरून: दोन रंग, छातीवरचं चिन्ह आणि अंगावरच्या कपड्याची रेघ. सगळी मेहनत या तीन जागी घाला. मुकुट, ढाल, चिलखत यांच्या मागे लागू नका. इथे वंडर वुमन निवडली, कारण १९४१ साली ती चित्रकथेत आली तेव्हाच्या चित्रांत तिचा निळा, पांढऱ्या चांदण्यांचा स्कर्टच होता. म्हणजे फ्रॉकचा आकार तिच्याच घरचा आहे, ओढूनताणून आणलेला नाही. लाल चोळी, निळा घेर, पांढऱ्या चांदण्या, सोनेरी पट्टा, एवढं पुरतं.

मशीन नसेल तरी बिघडत नाही. सरळ रेघेतली उलटी टीप (प्रत्येक टाका थोडा मागे घेऊन पुढे जाणारी शिलाई) नवख्या हाताने तासाला २५ ते ३० इंच होते. पूर्ण फ्रॉकला १४ ते १६ तास धरा. रोज दोन तास बसलात तर आठवड्याभरात संपतो. स्पर्धेच्या आदल्या रात्री सुरू करण्याचं हे काम नव्हे.

कापड आणि सामान

खालची मापं छाती २४ इंच, खांद्यापासून कंबर साडेदहा इंच आणि कंबरेपासून गुडघ्यापर्यंत १४ इंच असलेल्या मुलीची आहेत. साधारण सहा वर्षांची मूर्ती. वय बघून कापू नका, टेप लावा. एकाच वर्गातल्या दोन मुलींच्या छातीत सहज दोन इंचांचा फरक असतो.

चोळीसाठी लाल सुती कापड अर्धा मीटर, अस्तराला तेवढीच मलमल किंवा केंब्रिक, घेरासाठी ४४ इंच पन्ह्याचं निळं कापड १ मीटर, पांढरं पातळ फेल्ट साधारण ३० सेंटिमीटर चौरस, दीड इंच रुंदीची सोनेरी लेस १ मीटर, ५ टिच बटणं, २ हुक, आणि लाल, निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या दोऱ्याचं एकेक रीळ. सुई ८ किंवा ९ नंबरची. सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक, हे विकत घेताना लक्षात ठेवा. मेणाचा तुकडा आणि अंगुस्तान (बोटावर घालायची टोपी) नसेल तर तेही घ्या. अंगुस्तानाशिवाय कंबरेची जाड शिलाई करताना मधल्या बोटाला भोकं पडतात.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार असो वा मडगाव-फोंड्याची कापडाची दुकानं, लाल आणि निळा रंग दुकानाच्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका. तागा दारात, उजेडात आणून बघा. ट्यूबलाइटमध्ये खुललेला लाल बाहेर आला की कित्येकदा राणी रंगाकडे झुकलेला निघतो. पॉपलिन घट्ट विणीचं असतं, त्याचे धागे कमी सुटतात. हाताने शिवायला तेच सर्वांत सोयीचं. साटन चमकतं म्हणून मोह होतो, पण ते कापतानाच सरकतं आणि टाचणीची भोकंही त्यावर दिसत राहतात. पहिल्या फ्रॉकला साटन घेऊ नका.

चोळीसाठी एक फार सुंदर पर्याय इथेच मिळतो: कुणबी साडीचं लाल-पांढऱ्या चौकड्यांचं कापड. मागे पडलेलं हे विणकाम दिवंगत फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी पुन्हा लोकांपुढे आणलं. चौकडीची लाल चोळी आणि त्यावर सोनेरी चिन्ह घातलं की नायिका गोव्याचीच होते. हातमागाची वीण सैल असते, तेव्हा अर्ध्या इंचाच्या जागी पाऊण इंच दाब (शिलाईबाहेर सोडलेलं कापड) ठेवा आणि बाजूच्या शिलाईत चौकटी जुळवून घ्या. कापडही पाव मीटर जास्त लागेल.

रंग जातो का, ते आधी बघा

या फ्रॉकचा सर्वांत मोठा शत्रू लाल रंग. त्याच्या शेजारी पांढरं अस्तर, खाली पांढऱ्या चांदण्या. दुकानदार रंग पक्का आहे म्हणेल, तरी घरी आणल्यावर लाल आणि निळ्या कापडाचा एकेक कोपरा ओला करा, पांढऱ्या फडक्यावर ठेवून गरम इस्त्री दाबा. फडक्यावर डाग आला तर कापड साध्या पाण्यात धुत राहा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. चार-पाच धुण्यांनंतरही पाणी रंगत असेल तर ते कापड या कामाचं नाही, दुसरं आणा. मिठाच्या पाण्यात बुडवल्याने रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. मीठ कापड रंगवताना उपयोगी पडतं, रंगवून झालेल्या कापडातला सुटा रंग ते धरून ठेवत नाही. शंका उरलीच असेल तर अस्तर पांढरं न घेता लालच घ्या.

डाग नसला तरी सगळं सुती कापड कापण्याआधी एकदा भिजवून, वाळवून, किंचित ओलं असतानाच इस्त्री करायचं आहे. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा ३ ते ५ आटतं. १४ इंचांच्या घेरात अर्ध्या इंचाच्या आसपास जातं आणि चोळी छातीला आवळते. शिवून झाल्यावर आटलं तर त्याला उपाय नाही.

चोळीचा कागद

वर्तमानपत्रावर सव्वासात इंच रुंद आणि साडेअकरा इंच उंच चौकट आखा. डावी कड ही दुमडीची बाजू. सव्वासात कसे आले तर छाती २४, त्यात हालचालीला ३ इंच मोकळे, झाले २७, त्याचा चौथा भाग पावणेसात आणि शिलाईला अर्धा. वरच्या कडेवर दुमडीपासून २ इंचांवर गळ्याची खूण, ५ इंचांवर खांद्याची खूण. खांद्याची खूण अर्धा इंच खाली घेऊन दोन्ही जोडा, हा खांद्याचा उतार. गळा पुढे ३ इंच खोल, मागे २ इंच. वरून ६ इंच खाली उजव्या कडेवर मुंढ्याची (हात घालायच्या भोकाची) खूण करा आणि तिथून खांद्याच्या टोकापर्यंत वळण काढा. पुढच्या भागाचं वळण मागच्यापेक्षा अर्धा इंच आत, कारण हात पुढे आणताना कापड तिथे गोळा होतं. खालच्या कडेवर पावणेसात इंचांवर कंबरेची खूण, आणि ती मुंढ्याशी तिरप्या रेघेने जोडा.

पुढचा भाग दुमडीवर, म्हणजे अखंड. मागचे दोन भाग सुटे, आणि प्रत्येकाला मधल्या कडेला १ इंच जास्त. पाठ कंबरेपर्यंत पूर्ण उघडी ठेवायचं कारण साधं आहे. या वयाच्या मुलांचं डोकं २० ते २१ इंच भरतं, गळा तयार होऊन १३-१४ इंचांचाच राहतो. गळ्याशी छोटी फट ठेवली तर डोकं जाईल, पण २५ इंचांची कंबर खांद्यांवरून उतरणार नाही. मग घाईत ओढाताण होते आणि कंबरेची शिलाई तिथेच उसवते.

आधी जुन्या चादरीतून ही चोळी कापा, कच्चा टाका घाला आणि मुलीला घालून दोन्ही हात वर करायला सांगा. मुंढा काखेत रुतत असेल तर पाव इंच खाली कोरा, जास्त नाही. बरं बसलं की तोच कागद लाल कापडावर आणि अस्तरावर ठेवा. उभा धागा कापडाच्या किनारीला समांतर हवा. तिरपं कापलं की चोळी एका अंगाला फिरते आणि शिवताना ते सुधारत नाही.

चिन्ह आणि चांदण्या, शिवण्याआधी

बहुतेकांची चूक इथे होते. आधी फ्रॉक पूर्ण शिवतात आणि मग चिन्ह लावायला बसतात. तेव्हा अस्तर मध्ये येतं, चुण्या मध्ये येतात, टाके आरपार जातात. चिन्ह लाल पुढच्या भागावर तो सपाट, सुटा असतानाच लावा, म्हणजे मागचे धागे अस्तराआड झाकले जातील.

मूळ चिन्हाची हुबेहूब नक्कल करू नका. सोनेरी लेस गळ्याखाली पंखांसारखी दोन बाजूंना वर उचललेली लावा आणि मधोमध मुलीच्या नावाचं आद्याक्षर पिवळ्या दोऱ्याने साखळी टाक्यात भरा. लेसची टोकं अर्धा इंच आत दुमडूनच शिवा, नाहीतर जरीचा धागा सुटून मानेला टोचतो. बाजूच्या शिलाईच्या एक इंच आधी चिन्ह संपवा.

चांदणीसाठी कंपासने अडीच सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. मग कंपास तीन सेंटिमीटरला किंचित कमी करून परिघावर पाच वेळा चालवा. पाच खुणा सारख्या अंतरावर पडतात. एक सोडून एक खूण जोडली की चांदणी तयार. पुठ्ठ्याचा साचा करून फेल्टवर १६ चांदण्या कापा. कात्री टोकाकडून आतल्या कोपऱ्याकडे चालवा. कोपऱ्यात फिरवलीत तर तिथे खाच जास्त खोल जाते. फेल्टचे धागे सुटत नाहीत म्हणून कड दुमडावी लागत नाही. पांढऱ्या सुती कापडाच्या चांदण्या दिसतात छान, पण आतले पाच कोपरे पहिल्या धुण्यात सुटतात.

निळ्या कापडातून १७ इंच उंचीच्या दोन पट्ट्या काढा: १४ तयार उंची, अर्धा कंबरेच्या शिलाईला, अडीच खालच्या दुमडीला. प्रत्येक पट्टी ३३ इंच रुंद ठेवा, उरलेले ११ इंच बाजूला ठेवा. दोन्ही मिळून शिलाया जाऊन ६४ इंच घेर होतो, म्हणजे २५ इंच कंबरेच्या अडीचपट. याहून जास्त घेर हाताने चुणायला गेलात तर कंबरेशी कापडाचा गोळा होतो आणि सुई आत शिरत नाही.

चांदण्या वरून ५ इंच आणि खालून ४ इंच सोडून मधल्या भागातच लावा. वरच्या चुण्यांत लपलेली चांदणी अर्धवट दिसते, खालची दुमडीच्या शिलाईत अडकते. ओळीत न मांडता वरखाली विखरा. प्रत्येक चांदणीला मधोमध एक कच्चा टाका घालून धरा, मग कडेने पांढऱ्या एकेरी दोऱ्याने बारीक तुरपाई करा. प्रत्येक टोकावर दोन टाके एकाच जागी. चांदणी उचकटते ती नेहमी टोकाकडून.

चोळी शिवताना

दोरा कोपरापर्यंत लांब, साधारण १८ इंच, त्याहून मोठा नको. लांब दोरा प्रत्येक टाक्याला कापडातून घासत जातो, पीळ सुटतो आणि गाठी पडतात. मेणावरून एकदा ओढून घेतलात तर गाठी कमी होतात.

लाल भागांचे खांदे आणि अस्तराचे खांदे वेगवेगळे जोडा, अर्धा इंच दाब, उलटी टीप, इंचाला ८-९ टाके. शिलाई उघडून इस्त्री करा. मग लाल आणि अस्तर सुलट बाजू आत ठेवून एकमेकांवर टाचा. आता एका पाठीच्या मधल्या कडेने कंबरेपासून वर गळ्यापर्यंत, गळाभर फिरून दुसऱ्या पाठीने खाली कंबरेपर्यंत शिवत जा. मधल्या कडेला अर्धा इंच दाब, गळ्याला पाव इंच. कंबरेशी दोन्हीकडे शेवटचा अर्धा इंच सोडून द्या, पुढे अस्तर दुमडायला तो लागेल. नंतर दोन्ही मुंढे, पाव इंच दाबाने. बाजू आणि कंबर मोकळीच.

आता गळ्याच्या आणि मुंढ्याच्या वळणावर दर अर्ध्या इंचाला काप द्या, शिलाईपासून दोन धागे अलीकडे थांबून. काप न देता उलटवलं तर गळा सपाट बसत नाही, बशीच्या कडेसारखा वर उठतो. घाईत काप शिलाईवर गेला तर तिथे आतल्या बाजूने उलटी टीप पुन्हा घाला, कडेला एक धागा आत सरकून.

उलटवण्याची युक्ती मजेची आहे. पाठीचा एक भाग खांद्याच्या बोगद्यातून पुढच्या बाजूकडे ओढून घ्या, मग दुसरा. दोन्ही आले की चोळी सुलट होते, आणि गळा-मुंढा आपोआप पूर्ण झालेला असतो. खांदा तयार होऊन अडीच इंच राहतो. तो दीड इंच ठेवलात तर पॉपलिन त्यातून ओढताना चुरगळतं. गळ्याच्या कडेला अस्तर आणि आतला दाब एवढेच धरून बारीक धावदोरा घाला, लाल कापडात सुई जाऊ देऊ नका. हा धावदोरा नसेल तर अस्तर गळ्यातून बाहेर डोकावतं.

बाजू शिवताना लाल आणि अस्तर उघडून एका सरळ रेघेत घ्या, मुंढ्याची शिलाई शिलाईवर बसवा आणि लाल कंबरेपासून अस्तराच्या कंबरेपर्यंत एकदम शिवा.

घेर आणि कंबर

घेराच्या बाजू फ्रेंच शिलाईने जोडा. आधी उलट बाजू आत ठेवून पाव इंचावर धावदोरा, मग उलटवून सुलट बाजू आत घेऊन पाव इंचावर उलटी टीप. सगळे धागे आत बंद होतात, ओव्हरलॉकची गरज उरत नाही. मागच्या पट्टीच्या वरच्या कडेला मधोमध ४ इंच फट कापा. उरलेल्या निळ्या कापडातून दीड इंच रुंद, साडेआठ इंच लांब पट्टी काढून फटीच्या दोन्ही कडांना सलग बसवा आणि आत दुमडून तुरपा. फटीच्या टोकाशी पट्टी एकावर एक येते, तिथे आडवे चार-पाच टाके घट्ट घाला. हे टाके राहिले तर पहिल्याच धावपळीत फट खाली फाटत जाते.

चुण्यांसाठी वरच्या कडेला दोन धावदोरे, एक पाव इंचावर, दुसरा पाऊण इंचावर. दुहेरी दोरा, टाका पाव इंचाचा. पूर्ण घेराला एकच दोरा घालू नका. पुढच्या पट्टीला एक जोडी, मागच्या दोन अर्ध्यांना एकेक. एक तुटला तर तेवढाच भाग पुन्हा करावा लागेल. चोळीच्या आणि घेराच्या मध्यावर, बाजूंवर आणि त्यांच्या अध्येमध्ये खुणा करून जुळवा, दोरे ओढा, टाचणीला इंग्रजी आठासारखे गुंडाळा आणि चुण्या बोटांनी सारख्या पसरा. पोटावर थोड्या कमी, बाजूंना थोड्या जास्त ठेवल्या तर बसणं छान येतं.

दोन्ही धावदोऱ्यांच्या मधून, अर्ध्या इंचावर, फक्त लाल चोळीला घेर जोडा. इथे दोरा दुहेरी, उलटी टीप, आणि दर तीन इंचांवर एकाच जागी दोन टाके. सगळ्या फ्रॉकचं वजन आणि ओढ या एका रेघेवर असते. दर तीन इंचांवर गाठवल्याने एक टाका तुटला तरी कंबर सगळी सुटत नाही. पाऊण इंचावरचा धावदोरा आता काढून टाका. दाब वर चोळीकडे वळवा, अस्तराची कड अर्धा इंच दुमडून त्यावर झाका आणि तुरपा. चुण्यांच्या कडा उघड्या राहिल्या तर कंबरेला खाज सुटते आणि मूल दहा मिनिटांत फ्रॉक काढायला लागतं.

पाठीला पाच टिच बटणं पावणेदोन-पावणेदोन इंचांवर, पण कंबरेशी हुकच. पोट फुगलं, खाली बसलं की टिच बटण सुटतं, हुक सुटत नाही.

सोनेरी पट्टा शिवून टाकू नका, सुटा ठेवा. लेसच्या मागे निळ्या कापडाची पट्टी लावा, २७ इंच लांबी, मागे हुक. बाजूच्या शिलायांवर दोऱ्याच्या आकड्या करून त्यातून ओवा. धुताना काढता येतो, आणि जरीचा धागा काळा पडला तर नुसती लेस बदलता येते.

केप हवाच असेल तर

केप खांद्याला टिच बटणांनी अडकवा, गळ्यात नाडीने कधीही बांधू नका. केप झोपाळ्यात, दुचाकीच्या चाकात किंवा दाराच्या कडीत अडकला तर बटणं सुटली पाहिजेत. लांबी कंबरेच्या किंचित खाली, पायात येईल इतकी नको. दिवाळीत नरकासुराच्या रात्री फटाके आणि पणत्या असतात, तेव्हा केप घरीच ठेवा. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं, आणि सुती कापडही लोंबतं असेल तर झटकन पेटतं.

नायक वेगळा हवा असेल तर हाच फ्रॉक चालतो. सुपरमॅनला निळी चोळी, लाल घेर, पिवळा पट्टा. बॅटमॅनला काळ्यावर पिवळं. स्पायडरमॅनला लाल चोळीवर काळ्या लच्छीच्या दोन पदरांनी उलट्या टिपेत जाळं भरा, आधी मध्यापासून निघणाऱ्या आठ सरळ रेघा, मग त्यांना जोडणारी आत झुकलेली वळणं. ही भरण्याची वेळ वेगळी धरा, चार तास तरी.

पावसाळ्यात शिवायला घेतलंत तर टाचण्या रात्रभर कापडात ठेवू नका. आपल्याकडच्या हवेत सकाळपर्यंत गंज धरतो आणि पांढऱ्या अस्तरावर तपकिरी ठिपके उठतात, जे सहसा जात नाहीत. फ्रॉक पहिले तीन वेळा एकटा, थंड पाण्यात, उलटा करून धुवा आणि सावलीत वाळवा. ओला घडी घालून ठेवलात तर लाल कापड चांदण्यांवर टेकून डाग पडतो.

खालची दुमड अर्धा इंच आत आणि दोन इंच वर घेऊन इंचाला चार टाक्यांच्या तुरपाईने शिवा, सुलट बाजूला एकच धागा उचलत. पुढच्या वर्षी ती उसवून दीड इंच सोडता येते. जुन्या दुमडीची पुसट रेघ निळ्या कापडावर राहतेच. तिच्यावर पांढऱ्या दोऱ्याने साखळी टाका घाला, चांदण्यांखालची ती काठाची नक्षी वाटते.